पेट्यांच्या यादीतला माणूस

संगणकाने दाखवलेल्या एकशे बेचाळिसाव्या तक्रारीवर विदाबाई थबकल्या. क्रान्य शहरातल्या मधपाळ संघाचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चाले, तो त्यांनी आणि मिर्कोने बावीस वर्षांपूर्वी लिहिला होता. मिर्कोचा कारभार ऐसपैस. त्याची प्रत्येक यादी म्हणजे बोहारणीचं बोचकं, आत काय घालायचं ते कुठे सांगितलेलंच नसे. आता नवे साहेब गाश्पर यांनी बजावलं होतं की प्रत्येक यादी कशाची आहे ते स्पष्ट लिहा. शुक्रवारपर्यंत संगणकाची एक जरी तक्रार उरली, तर हा प्रोग्राम मोडीत जाणार आणि विकतचा येणार.

विदाबाईंना खरं तर या कामात मजाच येत होती. ‘मधपेट्यांची यादी’ असं लिहिलं की संगणक आत दुसरं काही शिरू देत नसे, आणि कुठे काय घुसडलंय ते बोट ठेवून दाखवी. मिर्कोचा आळस ओळीओळीला सापडत होता आणि त्या एकट्याच हसत होत्या. ही शेवटची तक्रार मात्र आळसाची नव्हती. पेट्यांच्या यादीत मिर्कोने मुद्दाम माणसं घातली होती.

“उडवून टाका की ती ओळ,” मागून गाश्पर म्हणाले.

“साहेब, मधपाळ वारला की त्याच्या पेट्यांवर टकटक करून मधमाश्यांना सांगायची आपली रीत, ती कुणी पाळायची? मिर्को गेलेल्याचं नाव हाताने त्याच्याच पेट्यांच्या यादीत घालायचा. मग तपासणीला जाणाऱ्याच्या कागदावर ते यायचं, आणि तो सांगून यायचा.”

गाश्परांचे आजोबा मधपाळ होते.

“मग त्यांना त्यांची वेगळी यादी द्या,” गाश्पर म्हणाले. “पण कशाची ते लिहा हं.”

विदाबाईंनी लिहिलं: गेलेल्या मधपाळांची यादी. मधमाश्यांना निरोप गेल्याची खूण ज्याच्यापुढे नाही, तो आता आपोआप तिच्यात येणार होता. तक्रारी शून्यावर आल्या. प्रोग्राम वाचला. विदाबाईंना इतका आनंद झाला की डब्यातली पोतित्सा, अक्रोड भरलेली गोड पावरोटी, त्यांनी कचेरीभर वाटली.

मग यादी चालवून पाहिली. एकच नाव आलं, मिर्कोचं. मार्चमध्ये मिर्को गेला तेव्हा सगळे त्याच्या मातीला गेले होते, पण नाव घालणं हे त्याचंच काम, ते दुसऱ्या कुणाला सुचलंच नव्हतं.

दुपारच्या बसने विदाबाई त्याच्या गावी गेल्या. बागेत रंगवलेल्या पेट्या उन्हात होत्या. पहिलीपाशी वाकून त्यांनी बोटाच्या पेराने तीनदा टकटक केलं.

“मिर्को गेला गं बायांनो,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेटीकडे वळल्या.