देवीलालच्या वावराची राखण

अठ्ठावन्न साली आर्णीजवळच्या तांड्यात ज्वारी दाण्यावर आली आणि पाखरांचे थवे उतरले. रूपसिंगानं गोफण फिरवली की ते शेजारच्या देवीलालच्या वावरात जाऊन बसत, अन् देवीलाल त्यांना परत याच्याकडे हाकलून देई. दोघं दिवसभर एकमेकांना शिव्या घालत.

मग देवीलाल तापानं पडला. सगळी पाखरं त्याच्याच ज्वारीवर बसू लागली. रूपसिंगानं दोन दिवस मजेत बिड्या ओढल्या. तिसऱ्या दिवशी मात्र तो मधल्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून दोन्ही वावरं राखू लागला, अन् थवे ओढ्यापलीकडं जाऊ लागले. तांड्यात त्याचं भारी नाव झालं.

आठवड्यानं तो देवीलालला पाहायला गेला.

"तुह्यासाठी नाही राखलं," त्यानं सरळ सांगून टाकलं. "तुही ज्वारी सरली असती, तं पाखरं माह्याकडंच आली असती."

"कायच्यानं का होईना, माही वाचली," देवीलाल म्हणाला.

ओढ्यापलीकडची जमनाबाईही विचारपूस करायला आली होती. तिचं वावर एकटीचं, अन् गोफण तिला फिरवता येत नसे.

"दोघांचीबी वाचली, बरं झालं," ती म्हणाली. "यंदा मले कापणीले माणूस लावा लागत नाही."