बिस्मिल्ला बॅटरीचा पहिला फेरा

धाड गावच्या बस स्टँडसमोर कलीमचं बॅटरीचं दुकान आहे. दुकान बापानं टाकलेलं आणि पाटीवर नावही बापाचंच, बिस्मिल्ला बॅटरी. बाप जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्याच्या दोन रीती कलीमनं मोडल्या नव्हत्या. विकलेल्या प्रत्येक बॅटरीच्या, तार जोडायच्या शिशाच्या खुंटीवर खिळ्यानं ठिपके मारायचे, जितवा महिना तितके. आणि नवी बॅटरी बसवली की गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून गाडीची एक चक्कर मारून यायची. त्याला बाप पहिला फेरा म्हणायचा. तो झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही.

एकाच गाडीचा पहिला फेरा तेवढा राहून गेला होता, आणि तीच गाडी कलीमच्या नावाला बट्टा लावत होती.

ती गाडी इंद्रभान काकांची. काका एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलं आणि एका कोंबडीलासुद्धा धक्का लागू दिला नाही, असं सगळं धाड सांगायचं. काका स्वतः सांगायचे नाहीत, पण कुणी सांगत असलं की उठूनही जायचे नाहीत. अशा माणसानं दिवाळीनंतर अकोल्याच्या एका डॉक्टरकडून जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी, हे गावाला पचायला आठ दिवस लागले. लालभडक, जमिनीला टेकलेली, वरून उघडी, आणि बसायला जागा मोजून दोन. मुलंबाळं पुण्याला, नातवंडं तिकडंच, मग दोनच जागांची गाडी कशाला, असं कुणीतरी विचारलं. काका म्हणाले, दोघंच तर आहोत.

खरं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काकांच्या बायकोचं, बेबीताईंचं, माहेर साखरखेर्ड्याचं. काकांनी आख्ख्या तालुक्याला माहेरी पोचवलं, बायको मात्र त्यांच्याच एसटीत मागच्या सीटवर बसून जायची आणि काका पुढं केबिनमध्ये. रिटायर झालो की स्वतःच्या गाडीत शेजारी बसवून नेईन, असा शब्द त्यांनी लग्नानंतर दोन वर्षांत दिला होता. आता बेबीताईंच्या भावाच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि जायचं होतं ते याच गाडीतून.

पण गाडी जागची हलेल तर शपथ. डॉक्टरच्या माणसानं ती आणून टिनाच्या शेडमध्ये लावली, काकांनी गल्लीत दोनदा पुढं-मागं केली आणि बॅटरी उतरली. डिसेंबरात कलीमनं नवी दिली, ती महिन्यात मेली. फेब्रुवारीत त्यानं दुसरी दिली, तीही एप्रिल लागता लागता संपली. दोन्ही वेळा पहिल्या फेऱ्याचं काढलं की काकांचा गुडघा दुखायचा, नाहीतर पेट्रोल नसायचं. दोन्ही बॅटऱ्या कलीमनं गॅरंटीत बदलून दिल्या. त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते हॉटेलाच्या बाकावरच्या बोलण्याचं. बिस्मिल्ला गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली, असं लोक आता कलीमला ऐकू जाईल अशा बेतानं बोलू लागले होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर सरळ बुलढाण्याहून बॅटरी आणली आणि ती मुद्दाम कलीमच्या दुकानासमोरून नेली. त्या दिवशी कलीमला जेवण गेलं नाही.

त्यानं गाडीच्या तारा चारदा तपासल्या. करंट कुठंच गळत नव्हता. मेलेली बॅटरी दुकानात चार्ज करून ठेवली की ती आठ दिवस ठणठणीत राहायची, आणि तीच काकांच्या शेडमध्ये तिसऱ्या दिवशी मान टाकायची. याचा अर्थ एकच होता. शेडमध्ये कुणीतरी तिचं रक्त पीत होतं.

म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं तिसरी बॅटरी नेली, तेव्हा बरोबर एक कट-ऑफसुद्धा नेला. बॅटरीच्या तारेवर बसवायचा किल्लीचा खटका. किल्ली काढली की गाडीत एक दिवाही लागू शकत नाही. आता चोर कुणी का असेना, त्याचे हात बांधले होते. फेब्रुवारीची बॅटरी काढून त्यानं बाजूला ठेवली आणि नवी बसवली. काकांनी सवयीनं नव्या खुंटीवर अंगठा फिरवला आणि ‘चार’ म्हणाले. एप्रिल म्हणजे चार ठिपके. कलीमला तेव्हा त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

इंजिन पहिल्या हिसक्यात सुरू झालं. ते ऐकून बेबीताई ओसरीवर आल्या आणि तशाच खांबाला धरून उभ्या राहिल्या. काका गुडघ्याचं काढणार, तोच कलीम शेजारच्या सीटवर जाऊन बसला. गल्लीतली चार माणसंही जमली होती. काकांना स्टिअरिंगवर बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

चिखली रस्त्याला लागल्यावर कलीमनं मनातल्या मनात काकांना सलाम केला. काय हात होता! गिअर कधी पडला ते कळत नव्हतं. काका समोर बघत वाट सांगत होते. आता चढ, आता नाला, आता डावीकडं वळण. कलीमला ती म्हाताऱ्याची मौज वाटली.

"चिंच आली," काका म्हणाले आणि वळणासाठी गाडी हळू केली.

कलीमनं हसून मान वळवली आणि त्याचं हसू जागीच विरलं. तिथं चिंच नव्हती. रस्ता रुंद करताना ती गेल्या पावसाळ्याआधीच तोडली होती. आता तिथं खडीचा ढीग होता.

त्यानं काकांच्या डोळ्यांकडं पाहिलं. डोळे उघडे होते, रस्त्यावर होते, आणि समोरून शेळ्या घेऊन येणारी बाई शेजारून गेली तरी ते तिळभर हलले नाहीत. पुढच्या पुलाचं काम महिन्यापूर्वी निघालं होतं. रस्ता बंद करून ड्रम लावले होते आणि वाट उजवीकडून खाली उतरवली होती. काका त्या ड्रमांकडं सरळ चालले होते, वेग वाढवत, कारण त्यांच्या हिशेबानं तिथं सपाट पूल होता.

कलीम ओरडला की नाही, हे त्याला नंतरही आठवलं नाही. दोन सीटांमधला हँडब्रेक त्यानं दोन्ही हातांनी वर ओढला. गाडी आडवी फिरली आणि ड्रमापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रमाच्या पलीकडं खाली दहा फुटांवर उघड्या सळया होत्या.

मग काकांनी विचारलं, "काय होतं बे समोर?"

"तुमाले दिसत नाही, काका," कलीम म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

काकांनी मान खाली घातली. दोन वर्षं झाली होती. काचबिंदू. डावा डोळा पुरता गेला होता आणि उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं एक धूसर ठिगळ तेवढं दिसायचं. तेही जायच्या आत दिलेला शब्द पाळावा म्हणून गाडी घेतली. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

कलीमला भीतीच्या जागी आता संताप चढला. "आन् उद्या काकीले बसवून नेणार होते? असं?"

"साखरखेर्ड्याची वाट मले डोळ्यानं पाहा लागत नाही. सव्वीस वर्षं गेलो त्या वाटेनं."

"वाट बदलली, काका."

तेवढ्यात कलीमला एक धागा सापडल्यासारखा वाटला. गाडी चालवायची वेळच येऊ नये म्हणून म्हातारा स्वतःच बॅटरी उतरवत असणार. त्यानं थोडं नरमाईनं ते बोलून दाखवलं. काका चकित होऊन त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले.

"मी काऊन उतरवीन बे? मी तर दिवस मोजून राह्यलो."

खोटं बोलणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. त्यानं काकांना शेजारी बसवलं, स्वतः स्टिअरिंग धरलं आणि गाडी परत आणली. तिला सांगू नको, एवढंच काका वाटेत म्हणाले, तेही दोनदा.

बेबीताई अजून ओसरीवरच होत्या. ड्रायव्हरच्या जागेवर कलीम दिसला तशा त्या आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. काका भिंत चाचपत मागं हातपाय धुवायला गेले. बेबीताई तांब्या घेऊन शेडमध्ये आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "समजलं ना तुले?"

कलीमला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"पार्किंगचे दिवे मी लावून ठेवत होती. रात्री कव्हराखाली लावायचे, पहाटं बंद करायचे. दिव्यानं बॅटरी मरते, हे मले त्यायनंच सांगतलं होतं."

म्हणजे दोन्ही वेळचा चोर हाच होता, नऊवारीतला, हातात पाण्याचा तांब्या घेतलेला. मागच्या वर्षीच काकांनी चहा कपाच्या बाहेर ओतला, तेव्हाच बेबीताईंनी ओळखलं होतं. मग बोलल्या का नाहीत, असं त्यानं विचारलं.

"त्यायनं मले सांगतलं नाही. मंग मले माहीत हाय, हे मी कोण्या तोंडानं सांगू? एकतीस वर्षाचा त्यायचा मान हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुह्या दुकानाचं नाव खराब झालं, बापू. ते पाप माह्यं. पण आता तू हा खटका बसवला. आता मी काय करू?"

कलीमनं हातातल्या किल्लीकडं पाहिलं. एवढी हुशारी करून त्यानं या बाईचा एकमेव रस्ता बंद केला होता. स्वतःचीच चीड आली त्याला. कोपऱ्यात फेब्रुवारीची मेलेली बॅटरी पडली होती. त्यानं पाने उचलले. दहा मिनिटांत नवी बॅटरी बाहेर आली आणि मेलेली आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा बिस्मिल्लाच्या मुलानं जाणूनबुजून मेलेली बॅटरी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवली. नट आवळताना बाप पाठीमागं उभा आहे असं त्याला वाटत राहिलं, आणि त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

सकाळी गल्ली भरली होती. बेबीताई जरीकाठाची साडी नेसून डाव्या सीटवर बसल्या होत्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हॉटेलाच्या बाकावरचेही दोघं तिघं आले होते, बिस्मिल्लाची तिसरी बॅटरी किती टिकते ते बघायला. काकांनी खटक्याची किल्ली फिरवली, मग गाडीची. टक. पुन्हा टक.

मागं कुणीतरी हसलं. एकजण मोठ्यानं म्हणाला की आता या पोरानं दुकान बंद करून पानठेला टाकावा. कलीमनं हे सगळं रात्रीच मनाशी घोकून ठेवलं होतं.

"हाव," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्यीच बॅटरी खराब निघाली."

बेबीताईंनी डोळे मिटून घेतले. काका गाडीतून उतरले, चाचपत पुढं आले आणि बॉनेट उघडून आत हात घातला. त्यांचा अंगठा खुंटीवर फिरला आणि थांबला. ठिपक्यांचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"दोन," काका पुटपुटले. अंगठा पुन्हा फिरला. "दोनच हायत."

मग ते सरळ उभे राहिले. तोंड गल्लीकडं होतं, नजर कुणावरच नव्हती.

"कलीमच्या बॅटरीत काही खोट नाही. खोट माह्या डोळ्यात हाय. मले दिसत नाही, दोन वर्षं झाले. हे पोरगं माह्यासाठी सोताच्या बापाचं नाव घाण करून राह्यलं."

वरच्या आळीतला पंप तेवढा ऐकू येत होता. हसणारा माणूस पायाखालच्या मातीकडं बघत होता. एकतीस वर्षांचा मान म्हाताऱ्यानं एका वाक्यात सगळ्यांच्या देखत खाली ठेवला होता, आणि तोही कशासाठी, तर दुसऱ्याच्या एका बॅटरीसाठी.

बेबीताई गाडीतून उतरल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी पिशवी उचलली, नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "एवढं सांगाले दोन वर्षं लावले. चला, नऊची एसटी भेटंल."

काका त्यांच्या बरोबर निघाले. चार पावलांवर थांबले आणि त्यांनी बायकोला विचारलं, आपल्याला बसायचं कुठं. एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला एसटीत बसायचं कुठं ते माहीत नव्हतं.

"माह्या शेजारी," बेबीताई म्हणाल्या.