लेआर्कोच्या सीटमधली फांदी

ओनोरिनाबाईंनी चमचाभर तोर्तेल्लीनी तोंडात घातल्या, भाच्याने नाकासमोर धरलेल्या फोनवरची जाहिरात वाचली आणि चमचा असा आपटला, की शेजारच्या अंगणातली कोंबडी अंडं अर्धवट सोडून पळाली. इटलीत मोदेनाकडच्या माणसाला हे खरं वाटेल. बाईंचा राग त्याने पाहिलेला असतो.

"आत्या, अगं लेआर्कोकाकांची गाडी सापडली!" आदेल्मो आनंदाने फुलला होता. लेआर्को म्हणजे बाईंचे कैलासवासी यजमान, एकेकाळचे शर्यतवीर.

जाहिरातीत म्हटलं होतं : कांतारेल्लींच्या कारखान्यातली लाल स्पोर्ट्स कार, छप्पन्न साली सेरामोरा घाटाची शर्यत जिंकली ती हीच. इंजिन मूळचं, पत्रा मूळचा. ड्रायव्हरची सीटही मूळची, आजवर एक टाका उसवलेला नाही. ती शिवणारी मुलगीच पुढे ड्रायव्हरची बायको झाली, आणि तिने प्रेमाने आत ठेवलेली आशीर्वादाची ऑलिव्हची फांदी अजून शाबूत आहे. किंमत नव्वद हजार युरो.

"प्रेमाने? कोणी ठेवली प्रेमाने?"

"तूच की!"

"मी? त्या हलकटाला?"

त्या काळी कारखान्यात पुरुष पत्रा ठोकत आणि बायका सीटा शिवत. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी पाद्रीबाबांनी मंत्रून दिलेल्या ऑलिव्हच्या फांदीतली एक डहाळी, शेवटचा टाका घालण्याआधी, ड्रायव्हरच्या सीटमध्ये भरलेल्या घोड्याच्या केसांत खोचायची ही त्यांची रीत. ही गोष्ट ओनोरिनाबाईंनी लाम्ब्रुस्को वाइनच्या एकेका पेल्यावर येईल त्या पत्रकाराला सांगितली होती. लेआर्कोच्या सीटचं काय, हे मात्र कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

"सोमवारी बोलोन्याचा हॉटेलवाला येतोय, पिंपं न्यायला," आदेल्मो खाली मान घालून म्हणाला.

"कुठली पिंपं?"

माळ्यावर पिंपं होती ती एकाच गोष्टीची : वर्षानुवर्षं मुरवून सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या व्हिनेगरची. त्याची लेक जिनेव्रा जन्मली तेव्हा ओनोरिनाबाईंनी आपल्या पिंपातलं जुनं व्हिनेगर विरजणासारखं घालून तिच्या नावाने ती भरली होती. ऑक्टोबरात तिचं लग्न होतं आणि पिंपं तिच्याबरोबर सासरी जायची होती.

"पोरीची पिंपं विकतोस?"

"अर्धे पैसे त्यातून, अर्धे बँकेतून. काकांची गाडी आहे आत्या, परक्याच्या दारात उभी राहू द्यायची?"

"आणि पोरीला काय देशील? सायलेन्सर? ऊठ. मला दाखव ती गाडी."

सास्सुओलोच्या रस्त्यावर फुल्जेन्झी नावाच्या दलालाची मोठी शेड होती. गळ्यात रेशमी रुमाल, जिभेवर साखर.

"या, या ओनोरिनाबाई! आज गाडीची मालकीण घरी आली!"

"मालकीण कसली? नव्वद हजाराला सांगतोस ना? खरी असती तर पाचपट मागितले असतेस."

"गाडी योग्य घरी जावी, एवढीच मालकाची इच्छा."

"लांडगाही कोकरासाठी योग्य घर बघतो. बरं, टाका उसवलेला नाही, मग आतली फांदी दिसली कशी रे तुला?"

"एक्स-रे काढला, बाई. घोड्यांच्या डॉक्टरकडून. आत घोड्याचेच केस ना!"

एरवी बाई यावर पोट धरून हसल्या असत्या. फुल्जेन्झीने काळी फिल्म उजेडात धरली. पान न् पान दिसत होतं. आदेल्मोचे डोळे भरून आले.

"बघ आत्या, तुझी फांदी."

"माझी फांदी चुलीत गेली!" बाई अशा कडाडल्या की फिल्म फुल्जेन्झीच्या हातात थरथरली. "ईस्टरनंतरच्या सोमवारी तुझ्या काकाने मला नाचायला बोलावलं आणि कार्पीच्या बेकरीवाल्याच्या पोरीबरोबर नाचला. दुसऱ्या दिवशी त्याचीच सीट माझ्या हाताखाली आली. देवाने पाठवली, दुसरं काय? डहाळी घातली चुलीत, आणि सीटमध्ये बरोबर उजव्या कुल्ल्याखाली शिवली पीचची कोय!"

फुल्जेन्झी गोड हसला. "वय झालं की आठवणी जरा..."

"तुझ्या मागच्या भिंतीवर काय टांगलंयस ते बघ आधी."

तिथे तोच फोटो होता, जो या भागात प्रत्येक बारमध्ये असतो : शर्यत जिंकताना लेआर्को, पार डावीकडे कललेला, दाराशी कान लावून चहाडी ऐकत असल्यासारखा. या 'लेआर्को-झुकावा'पायी खोऱ्यातली पोरं पुढे वीस वर्षं डावीकडे कलून गाड्या हाकत होती. पोस्टमन सायकलवर कलायचा, पाद्रीबाबा स्कूटरवर कलायचे, आणि म्हणतात की एक शववाहिका तर डावीकडेच वळायची, त्यामुळे उजवीकडच्या गावात कित्येक दिवस कोणाला मरायची सोय नव्हती.

"ती शैली नव्हती रे बाळांनो, ती कोय होती! बसवत नव्हतं त्याला. उतरायची घाई, म्हणून घाट वाऱ्यासारखा चढला. संध्याकाळी सलामी सॉसेज कापायच्या सुरीने सीट फाडली आणि कोय घेऊन माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, एवढं रागावणारी दुसरी कुठे मिळणार मला?"

"मग लग्न केलंस?" आदेल्मोने विचारलं.

"नाही तर काय! पण ती फाडलेली सीट मी पुन्हा शिवली ती काळ्या दोऱ्याने. वीतभर लांब, जाड टाके, सगळ्यांना दिसावेत म्हणून मुद्दाम. दाखव रे फुल्जेन्झी, कुठे आहेत माझे टाके?"

आदेल्मोने वाकून सीटवरून हात फिरवला. पुढून, मागून, खालून. काळा दोरा कुठेच नव्हता. तो उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"खोटी गाडी विकतोस, ते तुझं पोट," बाई दलालाच्या रुमालापर्यंत बोट नेत म्हणाल्या. "पण मला प्रेमळ ठरवतोस? माझा राग पुसून तिथे फांदी खोचतोस? मेल्या, त्या रागावर पन्नास वर्षं संसार केलाय मी!"

सोमवारी बोलोन्याचा हॉटेलवाला आला. त्याला पिशवीभर पीच देऊन वाटेला लावलं.

पंधरा दिवसांनी आदेल्मो फोन नाचवत अंगणात आला. दुसऱ्या गावची, दुसऱ्या नावाची जाहिरात. गाडी तीच. सीट पतीने रागाने फाडलेली, पत्नीने काळ्या दोऱ्याने शिवलेली, सोबत काचेच्या डबीत मूळची कोय. किंमत दीड लाख.

"चोर! दरोडेखोर!" आदेल्मो ओरडत होता. "कोय म्हणे काचेत! अगं, ती कोय तर ही उभी आहे!"

उभी होतीच. लग्नानंतर लेआर्कोने ती अंगणात पुरली होती. झाड चांगलं दोन पुरुष उंच झालं, पण पार डावीकडे कललेलं, इतकं की पीच पडायचे ते शेजाऱ्याच्या अंगणात.

ओनोरिनाबाईंनी एक पीच तोडला, सावकाश खाल्ला आणि कोय भाच्याच्या तळहातावर थुंकली.

"पाठव त्याला. म्हणावं, दर उन्हाळ्यात पाटीभर निघतात, तेवढ्या गाड्या बनव. आणि तू वर जा, जिनेव्राच्या पिंपांच्या तोंडावरची फडकी बदल."