दोन वेळचा कोळसा

दुपारी प्लासिडने ओल्या मातीचा गोळा पिंपाच्या बुडाशी दाबला. पश्चिमेकडची भोकं बुजली. पूर्वेकडची तेवढी उघडी ठेवून तो उकिडवा बसला आणि धुराकडे पाहू लागला.

"आता भोकंही बुजवायला लागलास?" थोरली बहीण रेजिना कुंपणापलीकडून म्हणाली. "हवा नाही तर जळणार कसं ते?"

"जळायला नकोच आहे, बाय. नुसतं भाजायला हवंय."

"गेल्या खेपेला माझा मोगरा भाजलास, तेवढं पुरे."

बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून प्लासिड वाडीतल्या करवंट्या आणि झावळ्यांचे देठ पिंपात कोंडून कोळसा करत होता. मातीत मिसळला की ओल धरून ठेवतो, म्हणून. पण एकदा खणखणीत काळा कोळसा निघे, तर पुढच्या खेपेला निम्मी राख. त्या राखेनेच रेजिनाची रोपं करपली होती. आता तिने नव्या लागवडीचे खड्डे खणले होते. सगळ्या टोपल्या एकसारख्या निघाल्या तरच त्याचा कोळसा, नाहीतर नुसतं शेणखत, असं तिने बजावलं होतं.

माल तोच, सुकवलेला तितकाच. मग चुकत होतं कुठे? फुलं खुडायची नसली तर पिंप सकाळी पेटे, एरवी दुपारनंतर. आदल्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोने, सालोमीने, वाळत घातलेली चादर उडून पूर्वेच्या कुंपणावर जाऊन अडकली. ती सोडवता सोडवता प्लासिड थबकला होता. पश्चिमेच्या समुद्रावरून, अर्नाळ्याकडून येणारा दुपारचा वारा भोकांतून आत शिरून निखारे फुलवत होता, म्हणून दुपारच्याच खेपेची राख होत होती!

पांढरा धूर पिवळा झाला, मग विरळ निळसर, म्हणजे भाजून झालं होतं. त्याने उरलेली भोकंही लिंपली, झाकण घट्ट बसवलं आणि पिंप रात्रभर निवू दिलं.

दुसऱ्या दिवशी रेजिनाच्या वाडीत त्याने दोन टोपल्या टेकवल्या. एक आधीच्या सकाळच्या खेपेची, एक कालच्या दुपारची. तिने दोन्हींतले तुकडे मोडले, बोटांत चुरडले, हुंगले. आणि दोन्ही टोपल्या एकाच ढिगात उलट्या केल्या.

"अगं, थांब! सकाळचा कुठला, दुपारचा कुठला—"

"तूच सांग कुठला."

प्लासिड वाकला. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग त्याचे खांदे हलू लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर तो हसत राहिला.

"काय झालं रे?"

"मलाच ओळखता येत नाही, बाय!"

रेजिनाने फावडं त्याच्यापुढे धरलं.

"मग उभा काय राहिलास? विहिरीकडच्या खड्ड्यांपासून सुरुवात कर."