ताईच्या हाडातून भावाच्या हाडात

मित्रांनो, तुम्ही आत्ता ज्या हाडांवर बसून हे वाचत आहात, त्यांच्या आत मिट्ट काळोख आहे. त्या काळोखात कोणी राहत असेल, हे तुमच्या गावीही नसेल. मी तिथलीच एक रहिवासी. हाडाच्या मगजातली, म्हणजे अस्थिमज्जेतली, एक जुनी मूळपेशी. दिसायला अगदीच सुमार, पण शरीरातले सगळे रक्त माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्याच पोटी जन्म घेते.

मी मूळची ताईच्या कमरेच्या हाडातली. ताई बेकरीत पाव भाजायची आणि मोठ्याने हसायची. ते हसू हाडाहाडांतून घुमत आमच्यापर्यंत यायचे. आमचे काम चोख चालले होते. माझी लाल लेकरे मात्र विचित्र. तयार होत आली, की आपले केंद्रक बाहेर टाकून देतात आणि रिकाम्या मनाने प्राणवायू वाहायला निघतात. चारेक महिने राबतात, मग प्लीहेत जाऊन मोडतात. त्यांच्यातले लोह फिरून माझ्या दाराशी येते आणि मेलेल्यांच्या लोहातून नवी घडतात. पांढरी लेकरे रोगजंतूंशी झुंजतात, त्यातली काही तर दिवसभरही जगत नाहीत. शेजारची एक अजस्र पेशी रक्तवाहिनीत हात घालते आणि त्या हातांचे तुकडे तुकडे होऊ देते. तेच प्लेटलेट. तुमचे खरचटलेले ढोपर ते बुजवतात. हे ऐकून तुमच्या अंगावर काटा आला असेल, तर तो काटाही आम्हीच पोसला आहे बरे का!

ताईचा धाकटा भाऊ खुर्च्यांना वेत विणायचा. एकदा वेताने त्याचे बोट कापले आणि रक्त थांबेना. अंगावर निळे डाग उठले, जिना चढताना धाप लागू लागली. त्याच्या हाडांतल्या मूळपेशी संपत आल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्याचा मगज घ्यावा लागेल. ताईचा जुळला. मग आम्हा पुष्कळ जणींना सुईने ओढून पिशवीत भरले आणि नळीतून भावाच्या शिरेत सोडले.

"बघ हं, आता तूही माझ्यासारखा घोरायला लागशील," ताई त्याला म्हणाली. तो हसला आणि जरा रडलासुद्धा.

रस्ता कोणी दाखवला नाही, तरी वाहत वाहत आम्ही बरोबर त्याच्या हाडांशी पोचलो. ते घर मी कधी विसरणार नाही. उरल्यासुरल्या पेशीही औषधांनी काढून टाकल्या होत्या. खोल्या होत्या, वाटा होत्या, पण चिटपाखरू नव्हते. आधीच्या पेशी जिथे बसत, ते कोपरे मात्र तसेच होते. मी एका कोपऱ्यात टेकले. तो माझ्या मापाचाच निघाला आणि मला भीती वाटली. भीतभीतच मी कामाला लागले. काही आठवड्यांनी त्याच्या गालांवर रंग आला. पुढे त्याचा रक्तगटही बदलून ताईचा झाला. सगळे मला वाखाणू लागले.

दोन वर्षांनी ताई तापाने गेली. ती भावाकडे आली, की तिचे हसू इथवर घुमायचे; ते यायचे थांबले, म्हणून मला हाडात कळले. तिची लेक मामाकडे राहायला आली. भेटायला आलेली मावशी सहज बोलून गेली, "हाड पोखरून दिलं ना पोरीनं. तिथंच खचली ती."

मावशी चहा पिऊन निघून गेली, पण ते वाक्य भावाच्या मनात रुतून बसले. त्याने तपासण्या सोडल्या. ताट बाजूला सारून तो दिवसभर वेत विणत बसे. इकडे लोह येईना. मूत्रपिंडांकडून निरोपावर निरोप यायचे, लाल पेशी पाठवा, आणखी पाठवा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मी खुरटी, फिकट लेकरे पाठवत राहिले. त्या ओसाड खोल्यांची मला पुन्हा आठवण येऊ लागली. ताईची चूक नव्हती, त्याचीही नव्हती, हे मला ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड कुठे आहे?

एक दिवस तो अर्ध्या विणलेल्या खुर्चीवरच कोसळला. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेले, ताईची लेकही बरोबर गेली. मगज तपासायला पाठवला, तर प्रयोगशाळेतला नवा तंत्रज्ञ धावतच खाटेपाशी आला.

"मॅडम, नमुने बदललेत. या माणसाचं रक्त बाईचं निघालंय!"

भाऊ आपल्या हाताच्या शिरांकडे बघत राहिला.

"नमुना बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या ताईचं रक्त आहे ते. रोज नवं तयार होतंय." मग त्या भावाकडे वळल्या. "आणि ऐका, तिनं दिलेला मगज तिच्या हाडात थोड्याच आठवड्यांत भरून आला होता. मी स्वतः तपासलं होतं. तिचा ताप वेगळा. कुणी काही सांगितलं असेल, तर ते मनातून काढून टाका."

"म्हणजे आई मामात आहे?" ताईच्या लेकीने विचारले. तिने मामाच्या कमरेच्या हाडाला कान लावला आणि बोटाने टकटक केली. तो आवाज माझ्या कोपऱ्यात दणदणला.

मित्रांनो, मी तिची आई नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती स्वतः सोडली, तर तिच्या आईच्या अंगातून आलेले असे जिवंत आता आमच्याशिवाय दुसरे काही उरले नव्हते. मी तिच्या कानापासून बोटभर अंतरावर होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. इतके वाईट मला त्या रिकाम्या घरातही वाटले नव्हते.

लेकीने खाटेशेजारचे जेवणाचे ताट पुढे ओढले. "मामा, जेव ना. आई उपाशी आहे."

त्याने एक घास घेतला, मग दुसरा. रडत रडत त्याने सगळे ताट संपवले.

तुमच्याही हाडांत काळोखात कोणीतरी राबते आहे. ते तुमच्याकडे कधी काही मागायचे नाही, म्हणून तुम्हीच त्याची आठवण ठेवा आणि ताट बाजूला सारू नका.

आता रोज जेवण झाले, की वरून टकटक ऐकू येते. "पोट भरलं?" ती विचारते. मी उत्तर देऊ शकत नाही. मी कामाला लागते.