देवाच्या नावचा कोंबडा

शी! कोंबड्याची जात मला आता डोळ्यांसमोर नको. बनारसच्या रेल्वे क्वार्टरमागं एवढंसं अंगण, त्यात सहा कोंबड्या आणि दोन नर, एक तांबडा, एक पांढरा. हे दोन मुडदे दिवसभर एकमेकांच्या उरावर, आणि तिथून उतरले की कोंबड्यांच्या पाठीवर. एक उतरतो न उतरतो तोच दुसरा चढतो. माझी ठिपकी, गुणाची कोंबडी, काविळीतून उठलेल्या माझ्या लेकीला रोज अंडं पुरवणारी, तिच्या पाठीवर एक पीस उरलं नव्हतं. नुसतं लाल कातडं आणि त्यावर माश्या. सकाळी हळद-तेल लावावं, तर संध्याकाळी पुन्हा सोललेलं.

आमच्या साताऱ्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. दुसरा आरवायला लागला की रविवारी त्याचा रस्सा. म्हणून पिल्लांत दोन नर निघाले तेव्हाच मी म्हटलं होतं, "अहो, तांबडा कापून टाका. दोघं वयात आले की रक्त काढतील."

आमचे हे, नाव नरहर, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. ह्यांनी तांबड्याला मांडीवर घेतलं. म्हणाले, "ह्याला सुरी लावायची नाही. अंतराच्या काविळीत मी गावच्या म्हसोबाला बोललोय. पोरगी उठली तर तांबडा कोंबडा सोडीन म्हणून. हा देवाचा आहे."

मी जीभ चावली. देवाच्या नावचं ते देवाचं, त्याला कोण हात लावणार? आमची अंतरा तेव्हा नऊ वर्षांची. नळावर पाय धूत होती, तिनं सगळं ऐकलं. "म्हणजे हा माझा मुर्गा?" असं म्हणाली, आणि त्या दिवसापासून त्याला 'लाल' म्हणून हाक मारत आपल्या ताटातला पहिला घास ती त्याला घालायला लागली.

म्हसोबाची जत्रा चैत्रात. दोन चैत्र गेले, ह्यांना रजा काही मिळेना. रविवारी मात्र फुरसतच फुरसत. कॉलनीतले चार-पाच बाप्ये बनियनवर आमच्या अंगणात जमायचे. आमचे हे मग दोन्ही नर समोरासमोर धरायचे आणि मागून ढकलायचे. "वाह नरहर भाई!" टाळ्या. धुण्याच्या दगडावर रक्त, माझ्या वाळत घातलेल्या साडीवर शिंतोडे. काही बोलावं तर म्हणे, "अगं, नराची जात, झुंजणारच. आपण फक्त बघायचं." कोंबड्यांचं सोडा, ती मुकी जनावरं. पण तोंड उघडं टाकून, ओठाच्या कडेला थुंकी आलेला माझा स्वतःचा नवरा बघितला की मला शिसारी यायची.

आणि एका रविवारी पांढऱ्यानं तांबड्याचा डोळा फोडला. बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. अंतरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडली नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पोरगी आरशासमोर. बोटानं डोळ्याखालची कातडी ओढून बघतेय.

"काय गं, काय बघतेस?"

"पिवळं झालं का बघते. आई, लालची आँख गेली. देवाकडं जायच्या आधीच तो मेला, तर मला परत पीलिया होणार ना?"

तीन दिवस पोरीनं अन्न धरलं नाही. बळंबळं भरवलं तर ओकली. डोळे पांढरेशुभ्र, ताप नाही, आणि पोरगी वाळत चाललेली. दर तासाला आरसा.

रात्रपाळीहून हे आले तसं मी तोंडावर सांगितलं, "आजच्या आज रेल्वेचा पास काढा. जत्रा असो नसो, मी कोंबडा घेऊन गावी सासूबाईंकडं जाते."

हे हसले. अहो, हसले! "येडी का काय तू? कसला नवस? तू तांबडा कापायला निघालीस म्हणून सुचलं ते बोललो. आता हवा तर कर त्याचा रस्सा. एका डोळ्याचा काय झुंजणार?"

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं ते आलं बाहेर. मी मोरीत जाऊन ओकले. खरोखर ओकले. मग पोरीला हाक मारली आणि ह्यांच्यापुढं उभी केली. "सांगा तिला."

ह्यांनी मान खाजवली. "बेटा, मी असंच बोललो होतो. नवस वगैरे काही नाही. तू औषधानं बरी झालीस."

अंतरानं त्यांच्याकडं बघितलं. "पप्पा, तुम्ही तेव्हा खोटं बोललात, का आत्ता बोलताय?"

औषध, अंडी, डॉक्टर, सगळं मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती मान हलवायची आणि आरशाकडं जायची.

शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे. नवस मी बोलते, पोरीच्या देखत. आणि फेडणार तुम्ही. टोपली घ्या, कोंबडा घ्या आणि निघा."

"गाडीत लोक हसतील गं."

"हसू द्या. टाळ्या चालतात ना तुम्हाला?"

गुरुवारी गेले. टोपलीवर माझं जुनं लुगडं बांधलेलं, आतून तो काणा आरवतोय आणि हे खाली मान घालून रिक्षात. अंगण गप्प झालं. एकटा पांढऱ्या दोन दिवसांत माणसात आला. आठवड्यानं ठिपकीच्या पाठीवर पिसांचे कोंब दिसायला लागले. अंतरानं अर्धी भाकरी खाल्ली, पण आरसा काही सुटला नाही.

नवव्या दिवशी हे परत आले. दाढी वाढलेली, अंगाला कोंबड्याचा वास. दारातच पोरीसमोर बसले आणि कागदाची पुडी सोडली. "सोडला बाळा, म्हसोबाच्या पायाशी सोडला. आजी होती संगं. हा बघ अंगारा. ये, लावतो."

चिमटीत अंगारा घेऊन त्यांनी हात पुढं केला. ह्या खेपेला माणूस खरं बोलत होता, मला कळत होतं.

अंतरानं दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"आजीचं पत्र येऊ दे," ती म्हणाली. "मग लावते."