वर्गाच्या मोबाईलची साक्ष

मित्रांनो, माझा उजवा कोपरा फुटलेला आहे, पाठीवर मुलांनी चिकटवलेले फुलपाखराचे स्टिकर आहे, आणि पूर्ण चार्ज केले तरी मी तासाभरात मान टाकतो. मी माधवी बाईंचा जुना मोबाईल. सीमाभागातल्या वडगावात, एका मराठी शाळेत, सातवीच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात, खडूंच्या खोक्यामागे मी पडून आहे. मला तोंड नाही असे सगळ्यांना वाटते, म्हणून माझ्यासमोर माणसे बिनधास्त वागतात. आज मात्र मी बोलणार आहे. माझा विश्वासघात झाला आहे. माझ्याहून मोठा एका मुलीचा झाला आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला पहिले आठवते ते खडेबाजारातल्या दुकानाचे काचेचे कपाट. बाईंना शाळेत नोकरी लागली आणि त्यांनी मला घरी आणले. त्यांनी मला देवापुढे ठेवले, कुंकू लावले, दोन अक्षता टाकल्या. त्या कुंकवाचा एक कण कितीतरी दिवस माझ्या कॅमेऱ्याच्या कडेला अडकून होता. फोटो जरा लालसर यायचे, पण बाई रागावल्या नाहीत. अशा मायेने मला कुणी घरात घेतले होते, हे आधी सांगून ठेवतो. मी उपकार विसरणाऱ्यांतला नाही.

साथीच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा बाईंनी मला तांदळाच्या डब्याला टेकवून उभे केले आणि माझ्यातून वर्ग भरवला. अपूर्णांक, नद्या, कविता, सगळे माझ्या पोटातून मुलांच्या घरी गेले. शाळा सुरू झाल्यावरही बाईंनी मला रजा दिली नाही. कचेरीतून कन्नडमध्ये परिपत्रक आले की बाई ते वाचायच्या आणि मराठीत, आपल्या आवाजात, पालकांच्या ग्रुपवर सांगायच्या. साड्यांच्या मागावर बसलेल्या आया तो आवाज ऐकत आडव्या धाग्याचा धोटा बदलायच्या. त्या आवाजावर सगळ्या गल्लीचा भरवसा होता. माझाही होता.

पुढे बाईंनी नवा मोबाईल घेतला. मला वाटले, आता आपण अडगळीत जाणार. पण त्या मला वर्गात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘हा आजपासून आपल्या वर्गाचा.’’ सौम्या नावाच्या मुलीच्या आईने साडीच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी शिवून दिली. दर आठवड्याला एकेका मुलाने मला त्या पिशवीतून घरी न्यायचे, ‘माझ्या घरचे काम’ या विषयावर व्हिडिओ करायचा आणि वर्गात दाखवायचा. पसंत पडला तर ग्रुपवर, आणि खूपच पसंत पडला तर शाळेच्या पेजवर, पण घरच्यांना विचारून. हा नियम बाईंनीच केला होता आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवला होता.

काय दिवस होते ते! मंथन नावाच्या मुलाने त्याच्या आजीला, अंबुबाईंना, म्हशीची धार काढताना टिपले. म्हशीने शेपटीचा एक सणसणीत फटका मला हाणला आणि माझ्यात नुसते काळे केस दिसले. तो व्हिडिओ वर्गाने सात वेळा पाहिला. एरवी मान खाली घालून बसणारी मुले माझ्यासमोर घडाघडा बोलू लागली. हेडमास्तर नागेंद्र सर एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘‘ह्या डबड्यानं पोरांची भीड मोडली बघा.’’ डबडे म्हणाले, पण कौतुकाने म्हणाले. मी फुशारून गेलो होतो.

मग सुवर्णाची पाळी आली.

सुवर्णा शांत मुलगी. तिचे आजोबा परशराम, गल्लीतले जुने विणकर. शाळेतून आली की ती त्यांच्याबरोबर मागाच्या खोलीत असायची, आणि तुटलेला धागा आवाजावरून ओळखायची. त्या वर्षी आजोबांनी साडीचा एक नवा काठ बांधला होता, चिंचेच्या पाल्याच्या नक्षीचा. बारीक, जोडीजोडीची पाने आणि मध्ये एकेक कळी. त्या घराचा रिवाज असा की नव्या काठाची पहिली साडी देवीला नेसवल्याशिवाय तो काठ परक्या नजरेला दाखवायचा नाही. ती साडी यंदा सुवर्णाने डोक्यावरून देवळात न्यायची, असे आजोबांनी तिला सांगितले होते. ती बोटांवर दिवस मोजत होती.

सुवर्णाने मला पिशवीतून बाहेर काढले तेव्हा आजोबांनी पहिला प्रश्न केला, ‘‘हे कोण कोण बघणार गं?’’

‘‘आमचा वर्ग, आज्जा. आन् बाई.’’

‘‘ग्रुपवर जाईल की. निम्मी गल्ली हाय त्येच्यात. सगळी मागवालीच.’’

सुवर्णाने तिथूनच, माझ्यावरून, बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. आजोबांनी आपली अडचण सांगितली. बाई हसून म्हणाल्या, ‘‘आजोबा, माझा शब्द घ्या. ग्रुपवरसुद्धा टाकणार नाही. वर्गात एकदा दाखवणार, बास.’’

आजोबांनी क्षणभर मागाकडे पाहिले. मग म्हणाले, ‘‘बाईंनी शबुद दिलाय न्हवं? मग दाव सगळं. हात राखून कशाला दावायचं?’’

आणि त्यांनी खरेच हात राखला नाही. माग दाखवला, ज्यांच्यावरून मागावर नक्षी उठते ती भोके पाडलेली पुठ्ठ्याची पाने दाखवली, आणि शेवटी ट्रंकेतून चौकटीचा कागद काढला. मित्रांनो, नवा काठ आधी अशा बारीक चौकटींच्या कागदावर भरतात. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. तो कागद ज्याच्या हाती लागला, त्याच्या हाती अख्खा काठ लागला. विणकर तो कागद सख्ख्या पाहुण्यालासुद्धा दाखवत नाहीत. सुवर्णाने मला त्याच्यावर अगदी जवळ धरले. ती म्हणाली, ‘‘हा माझ्या आज्ज्याचा नवा काठ. अजून कुणीच बघितलेला न्हाय.’’ कागदावरची चौकट न् चौकट माझ्यात उतरली. माझा कॅमेरा तेव्हा चांगला होता. तो तसा नसता तर बरे झाले असते.

वर्गात व्हिडिओ दाखवला तेव्हा मुले चिडीचूप झाली. संपल्यावर टाळ्या वाजल्या. सुवर्णाचे कान लाल झाले. बाईंनी तिला जवळ घेतले आणि मला कपाटात ठेवले. इथवर सगळे सरळ होते.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, एका संस्थेने शाळांसाठी ऑनलाईन स्पर्धा जाहीर केली. शाळेच्या पेजवर वर्गाचा व्हिडिओ टाकायचा, ज्याला जास्त लाईक त्या शिक्षकाचा सत्कार. छोट्या सुट्टीत, सगळी मुले मैदानावर असताना, बाई एकट्याच वर्गात आल्या. त्यांनी मला बाहेर काढले आणि एकेक व्हिडिओ पाहिला. म्हशीचा पाहिला, भाकरीचा पाहिला, आणि सुवर्णाच्या व्हिडिओवर थांबल्या. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांचाच नियम त्यांच्याच अक्षरात होता. त्या स्वतःशी म्हणाल्या, ‘‘एवढा चांगला झालाय. कुणाचं काय जातंय?’’ आणि त्यांनी बटण दाबले. दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मला नाही म्हणता येत नाही. निळी रेघ सरकत शेवटपर्यंत गेली आणि आजोबांचा कागद जगभर झाला. गल्लीतली माणसे ग्रुपच बघायची, पेज कुणी उघडत नसे, म्हणून घरी कुणाला पत्ता लागला नाही.

मला वाटले, बाई विसरल्या असतील, आठवल्यावर काढतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडले, आणि लाईक मोजून परत ठेवले. सोमवारीही तेच. मंगळवारी त्या गुणगुणत होत्या. मी त्यांना इतकी वर्षे ओळखत होतो, आणि मला त्या ओळखू येईनात.

तीन आठवड्यांनी परशराम आजोबा शाळेत आले. धोतर धुतलेले, हातात पिशवी, मागे सुवर्णा. बाई वर्गातच होत्या, मुले मैदानावर गेलेली. मी टेबलावर होतो. आजोबांनी पिशवीतून साडी काढून टेबलावर पसरली. अजून घडीही न मोडलेली, देवीची साडी.

‘‘बाई, काल खडेबाजारात गेलतो,’’ आजोबा म्हणाले. ‘‘देवीच्या साडीला खण बघाय म्हणून दुकानात शिरलो, तर म्होरं ह्योच काठ टांगलेला. भाईरगावच्या मागावरचा. चौकट न् चौकट माझी. मी इच्यारलं, कुठनं आला? तर दुकानदारानं फोनवर व्हिडिओ दावला. कुणीतरी त्येला धाडलेला. आत आमच्या पोरीचा आवाज हाय.’’

बाईंचा चेहरा पांढरा पडला.

‘‘मी कुणाला दोष द्याय आलो न्हाय,’’ आजोबा म्हणाले. ‘‘निस्तं सांगा, ह्यो भाईर गेला कसा?’’

आता सांगतील, असे मला वाटले. ‘आजोबा, चूक झाली, माझ्या हातून झाली,’ एवढे एक वाक्य. तांदळाच्या डब्याला टेकून ज्यांचा आवाज मी घरोघरी पोचवला, त्या हे वाक्य बोलतील याची मला खात्री होती.

बाई म्हणाल्या, ‘‘आजोबा, मी तर वर्गातच दाखवला. मोबाईल दोन दिवस सुवर्णाकडं होता. पोरांचं काय सांगावं? कुणाला तरी पाठवला असेल तिनं.’’

नेमका त्याच वेळी मी उजळलो. शाळेच्या पेजवर आणखी एक लाईक आला होता, सुवर्णाच्याच व्हिडिओला. टेबलाशी उभ्या असलेल्या सुवर्णाने ते वाचले. ती म्हणाली, ‘‘बाई, हे बघा, ह्येच्यात...’’

‘‘मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये,’’ बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला टेबलावर पालथे घातले.

पालथा असताना मला फक्त लाकूड दिसत होते. आजोबांनी साडीची घडी घातल्याचा आवाज आला. मग त्यांची पावले सुवर्णासाठी न थांबता दाराकडे गेली. त्यांनी तिला दोन शब्द सुनावले असते तरी मला हलके वाटले असते. ते गेल्यावर बाईंनी दार लावले, मला उचलले आणि तो व्हिडिओ पेजवरून काढला. मग माझ्यातूनही पुसला. जणू मी पाटी आहे! शंभर जणांकडे गेलेली वस्तू एका ठिकाणी पुसून परत येत नाही, हे बाईंनीच आम्हाला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुवर्णा आणि सौम्या कपाटापाशी बसल्या होत्या.

सौम्याने विचारले, ‘‘आज्ज्याला सांगितलंस न्हाय व्हय?’’

‘‘सांगितलं की. पेजवर बघितलं म्हटलं. तर पेजवर कायच न्हाय आता. आज्जा म्हणतोय, बाई कशाला खोटं बोलतील? चूक केलीस ती केलीस, वर बाईंचं नाव घेतीस.’’ तिने गुडघ्यावर हनुवटी टेकवली. ‘‘मागावरची पानं उतरवून बांधून ठेवली त्येनं. साडी देवळात न्हेणार न्हाय म्हणतोय. देवीला उष्टं न्ह्यायचं व्हय, म्हणतोय.’’

‘‘आन् तुला?’’

‘‘मला मागाच्या खोलीत येऊ नको म्हणालाय.’’

ती रडली नाही. फ्रॉकच्या कडेचा एक सुटलेला धागा ओढत बसली. मित्रांनो, मी त्या क्षणी उजळण्याची फार धडपड केली. पण माझ्यात जीव नव्हता, कुणी मला चार्ज केलेच नव्हते.

त्यानंतर सुवर्णा एकदा बाईंसमोर उभी राहिली. ‘‘बाई, तुम्ही घरला येऊन आज्ज्याला सांगा की. मी कुणाला म्हणणार न्हाय,’’ असे ती म्हणाली. बाई खाली बघत म्हणाल्या, ‘‘येते गं. परीक्षा होऊ दे.’’ परीक्षा झाली. निकाल लागला. स्पर्धेचे लाईक व्हिडिओ काढण्याआधीच मोजून झाले होते; बाईंचा सत्कार झाला आणि त्याचा फोटो वर्गात लागला. नव्या वर्षी नवी सातवी आली, सुवर्णा शेजारच्या वर्गात आठवीत गेली. बाई अजून गेल्या नाहीत. वाईट बाई नाहीत हो त्या. अजूनही त्या आजारी मुलाला स्वतः घरी सोडतात. पण वडगावच्या त्या एका गल्लीतून जायचे टाळतात, लांबून वळसा घेतात. हे मी मुलांच्या तोंडून ऐकले आहे.

नव्या वर्गाला पुन्हा ‘माझ्या घरचे काम’ हाच विषय दिला. मला घरी न्यायला कुणी हात वर केला नाही. शेवटी सगळ्यांनी घरच्या मोबाईलवरून काय पाठवले म्हणाल, तर गुलाबाची फुले, सूर्योदय आणि ‘शुभ सकाळ’. कुणाची आजी नाही, कुणाची म्हैस नाही, कुणाचा माग नाही. मुलांना न सांगता सगळे समजते.

मित्रांनो, माझ्यासारखा मोबाईल तुमच्या हाती येईल. त्याला फुटू देऊ नका, पाण्यात पाडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळे सांगतो. त्याच्यात कुणी आपली वस्तू विश्वासाने ठेवली असेल, तर ती बाहेर काढण्याआधी त्या माणसाला विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला तर तिथेच थांबा. आणि चूक झालीच, तर ती दुसऱ्याच्या, त्यातही आपल्यापेक्षा लहान असलेल्याच्या, माथी मारू नका.

आणि एक काम माझे करा. मला पाय नाहीत, माझ्यातला पुरावा पुसला आहे, आणि माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्यापैकी कुणी वडगावात राहत असेल, तर परशराम आजोबांच्या दारात जा. त्यांना दिवस सांगा, शुक्रवार. वेळ सांगा, दहा वाजून चाळीस मिनिटे. सांगा की त्या वेळी सुवर्णा मैदानावर होती आणि मी बाईंच्या हातात होतो. तेवढे सांगा आणि मागाच्या खोलीचे दार तिच्यासाठी उघडायला लावा.